साध्या काचेवरचा काप

जुन्या जालन्यातल्या एका तपासणी केंद्रात कमरोद्दीन अठरा वर्षं गाठींचे काप काढत होता. मेणात बसवलेल्या गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढावा तर त्यानेच, असं डॉक्टर आल्यागेल्याला सांगायचे. १९९८ साली मात्र त्यांनी मुंबईला शिकायला पाठवलं ते नंदाला. दोन वर्षांपूर्वी कामाला लागलेली पोरगी! दीड महिन्याने ती कापांना द्यायचा एक नवा रंग शिकून आली आणि डॉक्टर तिला समोर खुर्ची देऊन बोलू लागले. कमरोद्दीनला दुपारचा डबा गोड लागेना.

त्यातच कुंभार पिंपळगावच्या रखमाजीच्या मानेतली गाठ तपासायला आली. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशींचे गोल पुंजके दिसत होते. ते नुसत्या सुजेचे की कॅन्सरचे, हे डॉक्टरांना ठरवता येईना.

"नंदा, बीसीएल-टू लाव," ते म्हणाले. हे पेशीतलं एक प्रथिन. नव्या रंगाने पुंजके आतून तपकिरी झाले तर कॅन्सरचा संशय पक्का. कोरे राहिले तर बहुधा सूज.

काप मात्र कमरोद्दीननेच द्यायचा होता.

"चाचा, चिकट लेपाच्या काचेवर घ्या बरं का. रंग चढायला आधी कुकरमध्ये उकळायचंय, साध्या काचेवरून सुटून जाईल."

आता ही मला शिकवणार! त्याने साधी काच उचलली. चुकून नव्हे, जाणूनबुजून.

कुकर उघडला तर काचेवर काहीच नव्हतं. नंदाचा चेहरा पडला, तसा कमरोद्दीनला आतून आनंद झाला. डॉक्टर गावाला निघाले होते. निकाल सोमवारवर गेला.

बाहेर पायरीवर रखमाजीची बायको सोनूबाई बसली होती.

"भाऊ, चार दिस झाले, ह्यांनी भाकरीला हात न्हाई लावला. अजून किती थांबावं लागंल?"

"मशीन बिघडलं, बाई."

"मशीनच बिघडलं तर मंग तुमी तरी काय करताल," ती समजुतीने म्हणाली.

त्याला तिच्याकडे बघवेना. आत जाऊन त्याने लेपाच्या काचांवर चार काप घेतले, एकाहून एक सरस, आणि नंदापुढे ठेवले.

सोमवारी डॉक्टरांनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. भोवतालच्या पेशी तपकिरी, पुंजके आतून कोरे. "सूजच आहे! शाब्बास, नंदा!"

सोनूबाईने नंदाचे दोन्ही हात धरले. कमरोद्दीन दारात उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी नंदाने हळूच विचारलं, "चाचा, पहिली काच साधी होती ना?"

"होती."

ती डॉक्टरांजवळ हे बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला कितीतरी दिवस वाटायचं. निदान तिच्यावर उघड चिडता तरी आलं असतं. पुढच्या वर्षी तो नवा रंग त्याने तिच्याकडूनच शिकून घेतला. तरी डॉक्टरांनी "नंदा" म्हणून हाक मारली, की त्याचा हात काप काढायच्या यंत्रावर थांबायचा.