ओंगारमध्ये गिळलेलं अक्षर

पुण्याहून निघताना बॅगेत भाजणी होती, मेतकूट होतं आणि माझा लेख छापलेला एक जुना दिवाळी अंक. भाजणी लेकीसाठी. अंक तिच्या शेजारणीसाठी, कारण ती युगांडातल्या मोयोची आहे असं शुभा फोनवर म्हणाली होती.

डब्लिनजवळच्या ओंगारमध्ये सगळी घरं एकसारखी. पहिल्याच सकाळी फिरून आलो आणि भलत्याच दारावर थाप मारली, "शुभा, उघड गं!"

दारात ग्रेस, तीच मोयोची शेजारीण, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातली नर्स. "तुमचं घर पुढचं, म्झे (वडीलधारे). दुपारी मात्र इथेच जेवायचं. सगळ्यांनी."

ज्वारीच्या पिठाचा मऊ गोळा आणि दाण्याच्या कुटातली पालेभाजी. मी दोनदा वाढून घेतली, मग अंक पुढे ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं.

तरुणपणी मी मोयोला पाण्याच्या टाक्या बांधायला होतो. आमच्या फिटरला, जोसेफला, विचारलं, "तू कोण?" तो म्हणाला, "मादी." मला हसू आवरेना. परत येऊन 'मिशीवाली मादी' हा लेख लिहिला. लोक पोट धरून हसले.

मराठीत मादी म्हणजे काय, हे शुभाने मान खाली घालून सांगितलं. "बाबा, काय हे!"

ग्रेसने अंक हातात घेतला. मग टेबलावर हात आपटून हसली. "मिशीवाली! थांबा, भावाला सांगते." डोळे पुसत म्हणाली, "ते आमच्या जमातीचं नाव. आमच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. तुम्ही विचारलंत, त्याने सांगितलं. आणि त्यातला 'दी' तुमचा नाहीच. जीभ 'डी'ची, पण श्वास आत. गिळायचा."

नात इराला पहिल्याच फटक्यात जमलं. मला उचकी लागली.

"यू आर ग्रँड, आजोबा! जस्ट गिळ!"

तीन आठवडे कुंपणापाशी शिकवणी चालली. निघायच्या दिवशी टॅक्सीच्या खिडकीत वाकून ग्रेसने विचारलं, "म्झे, तू कोण?" मी श्वास आत ओढून उत्तर दिलं. तिने रस्त्यातच टाळ्या पिटल्या.

घरी येऊन अंक पुन्हा उघडला. जोसेफच्या मिशीवर अख्खं पान आहे. मी मलेरियाने पडलो असताना त्याने आठ दिवस मला पेज भरवली, त्यावर अक्षरही नाही. तेव्हा वाचकहो, तेवढी दुरुस्ती करून घ्या: माझ्या उशाशी माणूस बसला होता.