आबा साक्षीला उभे राहिले तेव्हा

इंदापूरच्या कोर्टाने मला आणि मुलीला पोटगी मंजूर केली, तेव्हा वाटलं होतं, आता सुटलो. नवऱ्याने सुरुवातीचे काही महिने पैसे भरले आणि मग बंद केले. मी सांगवीला माहेरी राहून बारामतीत डाळिंबं निवडायच्या कामाला जात होते.

वकीलबाई म्हणाल्या, "हुकूम नुसता कागदावर राहतो. वसुलीचा अर्ज आपल्यालाच टाकावा लागतो. आणि थांबू नका, एखादा महिना थकून वर्ष उलटलं की त्या महिन्याची बाकी अशी वसूल करता येत नाही."

अर्ज टाकला. कोर्टाने जप्तीचं वॉरंट काढलं. पोलीस सासरी जाऊन आले आणि नवऱ्याच्या नावावर काहीच नाही असा अहवाल दिला. जमीन त्याने केव्हाच माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, नावावर करून ठेवली होती.

पुढच्या तारखेआधी आबा सांगवीला आले. ओसरीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सूनबाई, अर्ज मागं घे. पोराला जेल हुईल."

"आबा, मी काय खायचं ते सांगा. मग घेते मागं."

तेवढ्यात माझी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आई, हे पाव्हणं कोण हायत?"

ती रांगत होती तेव्हा आबा तिला खांद्यावर घेऊन उसातून फिरवायचे. मी म्हटलं, "तुझे आजोबा." तिने त्यांच्या पायाला हात लावला. आबांनी पाणी घेतलं, पण चहाला थांबले नाहीत.

तारखेला नवरा कोर्टापुढे उभा राहून म्हणाला, "माज्याकडं काय बी न्हाय. टाका जेलात." महिनाभर आत बसला की सगळं फिटतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. जेल भोगली तरी बाकी फिटत नाही, हे न्यायाधीशांनी त्याला तिथेच सुनावलं.

मागच्या बाकावरून आबा उठले.

"सायब, मला बोलायचं हाय."

त्यांना साक्षीसाठी पुढे घेतलं. शपथ घेऊन ते म्हणाले, "जमीन माज्या नावावर केली ती पोटगी टाळायला. सही मीच केली. पर ऊस त्योच लावतो, आन् कारखान्याचं बिल त्याच्याच खात्यात येतं."

नवरा बापाकडे बघत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी मान खाली गेली.

कोर्टाने कारखान्याला हुकूम दिला. नवऱ्याच्या बिलातून रक्कम कापून कोर्टात जमा होऊ लागली. उशिरा का होईना, ती मला मिळते.

आबांशी त्या घरात कुणी बोलेना. आता ते शेतातल्या खोलीत एकटे राहतात, हाताने भाकरी थापतात. मी मुलीला घेऊन एकदा गेले, तेव्हा ते चुलीपाशी भाकरीच करत होते.

"आबा, माझ्यामुळं हे झालं."

"तुज्यामुळं न्हाय," ते म्हणाले. "सही करताना इचार करायला पायजे हुता."

मग त्यांनी नातीला विहिरीकडे नेलं. मी चुलीपाशी बसून उरलेल्या पिठाच्या भाकरी केल्या.