लहान झालेलं खोकं

यवतमाळहून नेरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीची असेल. तिच्या मांडीवर वड्यांचा डबा होता, माझ्या मांडीवर लेकीसाठी घेतलेला गेमचा कन्सोल. शेजाऱ्यांच्या जुन्या कन्सोलपेक्षा तो बराच लहान होता, किंमत मात्र तेवढीच.

"दुकानदारानं फसवलं मले," मी कुरकुरलो.

ती खळखळून हसली. "नाई काका. आतली चिप लहान झाली, म्हनून खोकं लहान झालं." डबा उघडून तिनं मला वडी दिली. बोटानं हवेत चौकोन पाडत म्हणाली, "ताट तेवढंच असते. वड्या लहान पाडल्या तं जास्त निघतात, अन् खडा आला तं लहानशीच वडी वाया जाते. चिपचं तसंच हाये, त्या बी एकाच मोठ्या चकतीतून कापतात. पहिले कंपनी तोट्यात विके, आता कुठं कमावून राह्यली."

"तुले कसं माईत, बेटा?"

"बंगलोरले ही चिप लहान कराच्या कामात मी होती ना. पन तयार कन्सोल कोनाच्या घरी जातानी पाह्यलाच नव्हता. मी धरू काय जरा?"

मी दिला. नेर येईपर्यंत तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. खड्डा आला की माझ्याआधी तीच दचकायची.