अष्टमीचा नौकाविहार

नौकाविहार हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. हल्ली जाहिरातींत तो वरचेवर दिसतो. निवांत जलप्रवास, चहा-नाश्त्यासह, मार्गदर्शकासह. ऑफिसातल्या तरण्या मुली मला विचारतात, मॅडम, तुम्ही एवढ्या फिरता, आमच्यासारख्यांना हे असलं आवडेल का हो? मी तोंडावर सांगते, नाही आवडणार. मनात येईल तिथे उतरता येत नाही ती बोट कसली, ती तरंगती शाळा. आणि शाळेत जायचं तुमचं वय गेलं.

मुली हसतात. मला हसू येत नाही. माझा राग ऐंशीचं दशक संपता संपता डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून सुटलेल्या एका मचव्यावर आहे. तो मचवा माझ्या बाबांनी ठरवलेला होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नौपाड्यात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मैत्रिणींबरोबर मलंगगड, माहुली करून झालेलं. ऑफिसात कामानिमित्त येणाऱ्या एका मल्याळी नर्सने मला तिच्या गावाकडच्या लाँचबद्दल सांगितलेलं. आठ-आठ तास पाण्यातून जाते, प्रत्येक गावाला थांबते, शाळेची पोरं चढतात, कोंबड्या चढतात. आवडलं गाव की उतरायचं, मागून दुसरी येतेच. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. केरळला जायचं, त्या लाँचमध्ये बसायचं आणि एकटीने जायचं.

"तुला नाही जमणार," बाबा म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सायकलला तेच, पोहण्याला तेच, एलएलबीला तेच. कधी आवाज चढवायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. पेपरची घडी घालत एवढंच म्हणायचे आणि विषय संपायचा. आरडाओरडा करणारा बाप परवडला, निदान उलट ओरडता तरी येतं. पण या वेळी मी हटले नाही. दोन दिवस जेवणावर रुसले, तेव्हा त्यांनी तोडगा काढला. ते आमच्या सोसायटीच्या मंडळाचे सचिव होते आणि मंडळाची उल्हास नदीतून कोलशेतपर्यंत जाऊन यायची सहल त्यांनी आखली होती. "आधी यात ये. पाणी म्हणजे काय ते बघ. चारचौघांत शिस्तीत राहिलीस, तर केरळचं बघू." म्हणजे माझी परीक्षा. आणि पर्यवेक्षक तेच.

सहल एका पौर्णिमेच्या रविवारी ठरली होती. मचव्याच्या तांडेलानेच तो दिवस सुचवलेला. पण मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी त्याच दिवशी साखरपुडा निघाला आणि बाबांनी सहल एका आठवड्याने पुढे ढकलली. छापलेल्या पत्रकांवर फक्त तारीख खोडून नवी घातली. वेळ तीच, सकाळी दहा. सुट्टी रविवारची, त्यामुळे आणखी विचार करायचं काही कारणच नव्हतं.

"अहो, पुढच्या रविवारी अष्टमी आहे," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"ठाऊक आहे. दोघीतिघींचा उपास असतो, त्यांच्यासाठी खिचडी सांगितलीय," बाबा म्हणाले. आई आत गेली. मलाही ते उपासाचंच वाटलं.

रविवारी बंदरावर चाळीस माणसं जमली. छातीला कागदी बिल्ले. बाबांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात गणपती मंडळाचा भोंगा. मचव्यावर जाजम आणि लोखंडी खुर्च्या. तांडेल कोळीवाड्यातला, पन्नाशीचा माणूस. तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आज आष्टमी हाय. भांगाचा पानी. भरती होऊन गेली, आता उतराला लागलाय. दुपारी गालान रुतू."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं ते मरतुकडं पाणी, भरतीलाही धड न चढणारं. कोळ्यांची पोरं चालायला लागण्याआधी हे शिकतात. आणि माझे बाबा? त्यांनी खिशातून पंचांग काढलं, चष्मा लावला, चौघडी बघितली आणि सांगितलं, "साडेदहापर्यंत लाभ आहे, पुढे बारापर्यंत अमृत. आणि पत्रकात दहा छापलंय. लोक वेळेवर आलेत, आपणही वेळेवर निघू." ज्या पानावर त्यांनी मुहूर्त बघितला त्याच पानावर अष्टमी लिहिली होती हो! फ्रिज घ्यायचा तर हा माणूस तिथी बघायचा. पाण्यात जाताना मात्र तिथीवरून पाणी कळतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते कोळ्याला कळतं, म्हणजे त्यात बघण्यासारखं काय असणार!

सुटलो. मुंब्र्याचा डोंगर डावीकडे आला तसा भोंगा ओरडला, "डावीकडे पाहा, डोंगर." सगळ्यांनी पाहिलं. मग अंताक्षरी, मग हौजी, मग बटाटेवडे. रेतीचे मचवे बाजूने जात होते. त्यावर बुड्या मारून रेती काढणारे लोक ओलेचिंब उभे होते आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण भोंग्याने सांगितलं नव्हतं. मी नाळेकडे, मचव्याच्या पुढच्या टोकाला, जाऊन उभी राहिले तर शिट्टी. आपापल्या जागी बसावं. मी बसले. केरळ आठवलं आणि बसले. दीड तासात मी सात वेळा बसले असेन. आई माझ्या शेजारी होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती गाणं म्हणत नव्हती. किनाऱ्याकडे बघत होती.

कोलशेत समोर दिसायला लागलं आणि मचवा खालून घासला. तांडेलाने मशीन मागे घेतलं, बांबू टोचले, चार पुरुषांना एका अंगाला उभं केलं. काही उपयोग झाला नाही. पाऊण तासात आमच्या चहूबाजूंनी चिखल वर आला.

"आता भरती येस्तोवर," तांडेल म्हणाला. "चार-साडेचार." तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

कुणालाही वाटेल, आता तरी बाबा म्हणतील, माझं चुकलं. छे! बाबांनी भोंगा उचलला आणि कार्यक्रमात थोडा बदल असल्याचं जाहीर केलं. मधला विसावा लांबवण्यात येत आहे. कुणीही जागा सोडू नये. आणि आश्चर्य म्हणजे कुणी सोडली नाही! चाळीस शिकलेली माणसं, भर उन्हात, भेंड्या संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून भेंड्या लावत बसली. प्यायचं पाणी अर्ध्या तासात संपलं. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात कोलशेतकडून एक कोळीण चिखलातून चालत आली. कमरेला टोपली, कासोटा वर ओढलेला. ती शिंपल्या वेचायला निघाली होती. आम्हाला बघून थांबली आणि खळखळून हसली. मी वाकून विचारलं, "मावशी, इथून गावात चालत जाता येतं का?"

"मंग मी काय उरत आलंय?" ती म्हणाली. "धा पावलां मऊ, मंग शिंपल्यांचा कडक हाय. चपला कार नि माझ्या पावलाव पाय दे."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. भोंगा खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "तुला नाही जमणार. आणि उतरलीस तर केरळ विसर."

एवढंच. चुकलेला माणूस, आपल्या चुकीत रुतून बसलेला, आणि तरी परवानग्या वाटत होता. मी चपला काढल्या, पिशवीत कोंबल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि एक पाय बाहेर टाकला. मागे वळून आईला सांगायचं म्हणून बघितलं. ती खुर्चीवरून उठली होती. साडी घोट्याच्या वर खोचलेली, एक हात मचव्याच्या काठावर. घाबरली असेल, मला अडवायला उठली असेल असं मला वाटलं.

"तू बस गं," मी म्हणाले. "तुला नाही जमणार."

आणि मी उतरले. पहिल्या पावलाला मांडीपर्यंत गेले, कोळणीने दंडाला धरून ओढलं, "दाबू नको, सरपटव," म्हणाली. मग खरंच पायाखाली कडक लागलं. मागे शिट्टी वाजत होती. मी वळले नाही. कोलशेतला तिच्या दारात हंड्यातलं पाणी पायांवर घेतलं, तिने बशीत चहा दिला. मग ठाण्यापर्यंत बस, पुढे डोंबिवली. तीन वाजता मी घरात होते. बाकीचे सगळे पार काळोख पडल्यावर आले, भाजून लाल झालेले, आणि मंडळाच्या वहीत सहल यशस्वी झाल्याची नोंद झाली.

बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी फेब्रुवारीत केरळला गेले. न विचारता गेले. आईने शंकरपाळ्यांचा डबा भरून दिला. लाँच अगदी तशीच होती, नर्सने सांगितलेली. मी तीनदा मधेच उतरले, एका गावात तर नुसतं शाळेचं पटांगण बघायला. परत आल्यावर आईने एकच विचारलं, "कुठेही उतरता येतं?" मी हो म्हटलं आणि पुढचा अर्धा तास स्वतःचीच बढाई सांगत बसले. पुढे अशी दहा वर्षं मी एकटीने फिरले. चिखलात उतरले त्या दिवसाची गोष्ट मी कुणाकुणाला म्हणून सांगितली नसेल! प्रत्येक वेळी तिच्यात बाबा आणखी हटवादी झाले, मी आणखी शूर.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा मी आईसाठी एक माहितीपत्रक आणलं. केरळच्याच हाऊसबोटीचं. तीन दिवस, खोलीत पंखा, चढायला कठडे, सगळे समवयस्क. मला वाटलं, असल्या सहली खऱ्या याच वयाच्या लोकांसाठी. आईने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"मधे उतरता येतं का?" तिने विचारलं.

"उतरायचं कशाला तुला? सगळं आतच आहे की."

"मग नको."

मी चिडले. इतकं शोधून आणलं, सुट्टी टाकली, आणि हिचं आपलं नको. काय हवंय तरी काय तुला, असं मी जवळजवळ ओरडलेच. ती माझ्याइतकी कधी चिडायची नाही. पत्रकाची घडी घालत म्हणाली, "त्या दिवशी मी चपला काढल्या होत्या. पिशवीत भरून झाल्या होत्या."

मला क्षणभर कळलंच नाही, कुठल्या दिवशी.

"आमच्या गावाला शाळेची वाट खाडीतूनच होती," ती म्हणाली. "ओहोटीला चालत जायचो, सातवीपर्यंत. अष्टमीला पाणी नसतं दुपारचं. सांगितलं होतं मी यांना. त्यांना ते खिचडीचं वाटलं."

"मग तू मला का नाही सांगितलंस? तिथे, बोटीवर?"

"उठले होते की. तू बस म्हणालीस."

बाबांचं ते वाक्य माझ्याच तोंडून, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याइतक्याच शांतपणे बाहेर पडलं होतं. आणि मी चार तास तिला त्या उन्हात, त्या भोंग्यासमोर, तहानलेली सोडून आले होते. दहा वर्षं मी ही गोष्ट सांगत होते आणि तिच्यात आई नव्हतीच.

"आपण जाऊ," मी म्हणाले. "ती साधी लाँच आहे ना, तिने जाऊ. तू म्हणशील तिथे उतरू. उद्या तिकिटं काढते."

"आता गुडघे कुठे राहिलेत?" आई म्हणाली. "तेव्हा होते."

आणि गॅसवरचं दूध बघायला ती उठली, भिंतीला धरून.