पहिलं बाळंतपण बेलापूरला

सुनंदे, माझी ओटी भरून आई मला सुप्याहून बेलापूरला घेऊन निघाली तेव्हा तू दहावीत होतीस, म्हणून तुला अर्धंच ठाऊक. तुझे दाजी फर्स्ट शिफ्टला कंपनीत गेले होते. खोलीला कुलूप लावून आम्ही एसटी गाठली. पिशवीत साड्या, लाडू, सगळं घेतलं. दवाखान्याची फाइल तेवढी कपाटात राहिली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे कागद. आपल्या गावात तुला कोन वळखत न्हाई?" आणि मलाही ते पटलं, वेडी कुठली!

सुप्यात डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी लावली होती. ती पंधरा दिवसांत संपली. माहेरी येऊन कसली औषधं मागायची, म्हणून मी बोललेच नाही. पाय सुजले. "पहिलटकरनीचं सुजत्यातच. मलाबी तुझ्या वक्ताला लई सुजलं हुतं," आई म्हणायची. मग तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. आई दृष्ट काढायची. खरं सांगते, मला ते लाड आवडत होते.

आरोग्य केंद्राच्या आशाताई सहज डोकावल्या, बीपी मोजलं आणि तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. नगरच्या दवाखान्यात पहिला प्रश्न, आधीचं बीपी किती, गोळी कोणती? फाइल सुप्याच्या कपाटात. तुझ्या दाजींना फोन लावला तर त्यांचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा. तेवढ्यात मला झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा सिझर झालं होतं आणि पोरगी महिनाभर आधीच येऊन काचेच्या पेटीत होती, एवढीशी. तिथल्या दाराशी आई वीस दिवस बसून होती. "माझ्यामुळं झालं गं," एवढंच म्हणायची. मला तिचा फार राग आला होता. नंतर स्वतःचाही आला.

पोरगी वाचली. आता शाळेत जाते, मला उलट उत्तरं देते.

काल फोनवर तू म्हणालीस, आठवा लागलाय, बीपी वाढलंय, बेलापूरला कधी जाऊ? जाऊ नकोस. पुण्यात ज्या डॉक्टरीणबाई तुला पहिल्यापासून तपासतायत, त्यांच्याकडंच बाळंत हो. हे मी आईलाही सांगितलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाही म्हणून चार बायका बोलतील, हे तिला लागतंच गं. शेवटी म्हणाली, "तिला म्हनाव, हालू नको. मीच येते."

रविवारी तिला पुण्याच्या गाडीत बसवतेय. तुझ्या खोलीत तिच्या अंथरुणापुरती जागा कर. माहेराला तेवढीच लागते.