शंभर दाण्यांची झोप

३ जून २०२४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. पहिले छायाचित्र या वेळेचे आहे: ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे, दहाच्या दहा ओळी, वर जुन्या फोटोफ्रेमची काच.

ते टिपणारा संगणक माझ्या अकरावीचा. मी नवा घेतल्यापासून तो धान्याच्या खोलीत पडून होता. भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला होता. तासाला एक चित्र टिपणे मात्र त्याच्या कॅमेऱ्याला अजून जमत होते. सुट्टीत घरी आल्यावर मी त्याला तेच काम दिले.

पेरणीपूर्वीची ही चाचणी आमच्याकडे दर वर्षी होते. शंभरांपैकी सत्तर दाणे उगवले तर घरचे बियाणे पेरायचे, नाहीतर रिसोडहून विकतचे आणायचे. गेल्या हंगामात आईने राखलेले बियाणे फसले होते. पोती आपटली की सोयाबीनचे पातळ साल तडकते, हे तिला नंतर कळले. तेव्हापासून वर्षभर, झोपलेले मूल खाली ठेवावे तसे प्रत्येक पोते तिने उतरवून घेतले होते.

“उजेडात झोप येते काय वं कोणाले?” काच पाहून आई म्हणाली. एरवी ती दाणे गोणपाटात गुंडाळून अंधारात ठेवी.

“टीव्ही लावून देल्ला तिनं दाण्यायले,” बाबा हसले.

दुपारी मी चित्रे एकामागून एक सरकवीत बसे. दाणे फुगत, हळूच कुशीवर वळत. मग झोपेत कोणी पांघरुणाबाहेर पाय काढावा तसे एक पांढरे टोक बाहेर येई. पंख्याच्या संथ घरघरीत खोलीतला वेळ माझ्या घड्याळाचा उरत नसे.

चौथ्या सकाळी उगवलेल्यांचा आकडा अठ्ठावन्न होता. बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली. “आठची बस हाय. मी चाललो रिसोडले.”

कालपासून एकोणीस दाणे वाढले होते. रोजच्या आकड्यांवरून मी वहीत काढलेल्या आलेखाची रेषा अजून आडवी झाली नव्हती. “बाबा, ते अजून उठूनच राह्यले. एक दिवस थांबा ना.”

“हे डबडं सांगते काय तुले?”

“डबडं नाही, दाणे सांगून राह्यले.”

बाबांनी पिशवी परत अडकवली.

पाचव्या सकाळी, सहा चाळीसच्या चित्रात मी चौऱ्याहत्तर मोजले आणि मोठ्याने सांगितले. आईने काच उचलली, वाकून पाहिले आणि नखाने तीन दाणे बाजूला सारले. त्यांची टोके तपकिरी पडून थांबली होती.

“हे लंगडे. हे नाई धरायचे.”

“उगवले तं हायेत ना, आई.”

“गोणपाटात उगवले. मातीतून डोकं काढतीन काय?”

नियमही तोच होता. घाईत मीच तो विसरले होते. तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. बाबा दारात उभे होते. शेवटच्या ओळीनंतर मी वहीतले चौऱ्याहत्तर खोडले आणि त्याखाली लिहिले: ७१.