ओळखीचं हसू त्याला नको होतं

विनोदी नट गेल्यावर त्याच्या जागी दोन मिनिटं शांत उभं राहायचं, हा त्याचा मान की त्याला शिक्षा? श्रीधरदादा हृदयविकाराने गेला, त्याच सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रस्ताव आला : त्याचं नाटक रद्द, त्याऐवजी शोकसभा. मला रडू येण्याआधी राग आला.

दादा पुण्याचा, तिथेच हौसेने जर्मन शिकलेला. इथे परदेशात, क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून त्याने एकपात्री नाटक लिहिलं, एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन विनोदी नटावर. हा नट पाववाल्याचा मुलगा. राजाच्या भूमिका करायच्या म्हणून घर सोडून फिरत्या नाटक कंपनीत गेला. पहिल्याच प्रयोगात तो विष पिऊन मरू लागला आणि प्रेक्षक पोट धरून हसले. मालकाने त्याला रंगमंचावरचा जन्मभराचा विसरभोळा नोकर करून टाकलं. पुढे मोठं नाव झालं, तरी म्हातारपणी तो अनोळखी गावात नाव बदलून उभा राही... लोक नावाला हसतात की कामाला, हे बघायला. दादाचा जीव इथेच अडकला होता. "आपले लोक मला हसत नाहीत गं, सांभाळून घेतात," तो म्हणायचा. "मंडळात मी घसरून पडलो तरी टाळ्या."

तालीम इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चालायची. एका संध्याकाळी पलीकडच्या इमारतीखाली एका चिनी कुटुंबात मयताचे विधी चाललेले दिसले, तसा दादा विष पिता पिता थांबला. आम्ही माफी मागायला गेलो. पांढऱ्या कपड्यांतली त्या घरची आँटी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "व्हाय स्टॉप? यू हाफ-डाय ओन्ली. फिनिश लाह." दादा परत गेला आणि नीट मेला. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण ती तोंडावर हात धरून हसत राहिली... लिफ्टपाशी दादा हळूच म्हणाला, "ती माझी कोण लागत होती, सांग बघू?"

मंडळाच्या बैठकीत मी भांडले. अध्यक्ष म्हणाले, "माणूस जाऊन महिना नाही झाला. लोक काय म्हणतील?" तेव्हा वहिनी बोलली, "लोकांचं राहू द्या. त्या जर्मनापायी ह्याने माझं डोकं खाल्लंय, ते फुकट जाऊ देणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कर. त्याची नक्कल मात्र करू नकोस."

म्हणून या रविवारी वुडलँड्सच्या हॉलमध्ये दादाचं नाटक मी करणार आहे. मी त्याच्याइतकी चांगली नाही. तुम्ही या, मराठी न येणाऱ्या शेजाऱ्यालाही घेऊन या. तो गेला म्हणून किंवा मी आपली म्हणून हसू नका. हसू आलं, तरच हसा.